पहिले दोनशे मीटर

वाऱ्याला आठवण नसते असं सगळे धरून चालत होते, तोवर भास्कर पडवळ आणि सुदाम वाघचौरे हे दोघंही आपापल्या घरात खरे होते.

दोघं पोलिसांच्या नेमबाज पथकात जोडीने काम करत. सुदाम रायफल चालवायचा आणि भास्कर त्याच्या शेजारी पालथा पडून दुर्बिणीतून वारा वाचायचा. लांब पल्ल्याची नेमबाजी एकट्याची नसते. चाप ओढणाऱ्याला निशाण्यावरून नजर हलवता येत नाही. गवत कुठे झुकतंय, धूळ किती वेगाने सरकतेय, तापलेल्या हवेच्या लहरी कोणत्या बाजूला वाहताहेत, हे दुसऱ्याने पाहायचं आणि एक आकडा सांगायचा. पहिल्याने तो आकडा निमूट मानायचा.

एका एप्रिलमध्ये कुंभेरी धरणावर, कामावरून काढलेल्या एका माणसाने शलाका मोडक नावाच्या इंजिनिअरला ओलीस धरलं. नियंत्रण खोलीबाहेरच्या सज्जात तिला शेजारी आवळून धरून तो उभा होता आणि धरणाचे दरवाजे उघडून खालची गावं बुडवीन म्हणत होता. सकाळपासून त्याची समजूत घालणं चाललं होतं. दुपारी गोळी चालवायची परवानगी आली. सुदाम आणि भास्कर दरीपलीकडच्या डोंगरसोंडेवर होते, आठशे मीटर लांब.

"डावीकडून तीन," भास्कर म्हणाला. म्हणजे डावीकडून उजवीकडे, सेकंदाला तीन मीटर.

सुदामने नेम डावीकडे सरकवला आणि चाप ओढला. गोळी, सुदामच्या बाजूने पाहता, त्या माणसाच्या डावीकडे उभ्या असलेल्या शलाकाच्या गळ्यात घुसली. ती कोसळलेली पाहून तो हात वर करून खाली बसला आणि हुंदके देत रडायला लागला. त्याला पकडायला फार कष्ट पडले नाहीत.

चौकशी समितीने 'अचानक आलेला वाऱ्याचा झोत' असं कारण देऊन प्रकरण मिटवलं. पण सोंडेवर दोनच माणसं होती आणि तिथे झोतबीत काही आला नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं. भास्करचं म्हणणं, वारा तीनच होता, सुदामने घाबरून नेम डावीकडे जास्तच धरला. सुदामचं म्हणणं, सांगितलं तेवढंच धरलं, सांगणारा चुकला. नेम रायफलच्या दुर्बिणीतल्या खुणांवर नुसता नजरेने धरलेला होता, त्यामुळे मागाहून तपासायला त्याची काही निशाणी उरली नव्हती. दोघांपैकी एकाने शलाकाला मारलं होतं, आणि तो एक आपण नव्हे यावर दोघंही ठाम होते.

भास्करने वर्षभरात नोकरी सोडली. पोलीस लाइनीत दोन्ही घरांचे दरवाजे समोरासमोर होते. भास्करची मुलगी ईश्वरी निम्मं बालपण सुदामकाकांच्या घरी जेवली होती. नलूकाकू हुलग्याची शेंगोळी करायच्या त्या दिवशी तर ती शाळेतून थेट तिकडेच जायची. तो उंबरठा तिला बंद झाला. घरात भास्कर एकच प्रसंग उगाळत बसायचा. ईश्वरीची आई एकदा म्हणाली, "अहो, असेल तुमचंही काही चुकलं." त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे ती नाशिकला भावाकडे गेली ती परत आलीच नाही. ईश्वरी बाबांजवळ राहिली. तिचा त्यांच्यावर विश्वास होता. मोठी होऊन ती वाऱ्याची शास्त्रज्ञ झाली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

*

वारा गोळीचं नेमकं काय करतो, हे ईश्वरी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना समजावून सांगायची. हवाच नसती तर सेकंदाला आठशे मीटर वेगाने सुटलेली गोळी आठशे मीटर बरोबर एका सेकंदात गेली असती. हवा तिला अडवते, म्हणून तिला आणखी साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. हा उशीर आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचा. वारा तीनचा असेल तर गोळी एक मीटर सरकली.

"गोळीला जेवढा उशीर होतो, तेवढीच ती वाऱ्याच्या हातात सापडते," ती म्हणायची. "आणि सगळा वारा सारखा नसतो. बंदुकीजवळ आडवा धक्का बसला, तर गोळी तिरकी होते आणि उरलेलं सगळं अंतर तिरकीच जाते. तेवढाच धक्का निशाण्याजवळ बसला, तर तिला सरकायला जागाच उरलेली नसते. म्हणून पहिल्या दोनशे मीटरचा वारा सगळ्यात घातक. आणि नेमबाज बघत असतो शेवटच्या दोनशे मीटरकडे."

हे ज्ञान जुनंच होतं. नवं होतं ते वातमाग.

पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेत ईश्वरीच्या गटाने ही पद्धत बसवली होती. कुठल्याही जुन्या व्हिडिओत पानं हलत असतात, धूर वाकत असतो, उन्हात मागचं चित्र थरथरत असतं. माणसाच्या डोळ्याला त्यातून काही लागत नाही. पण एकाच घटनेचे तीनचार व्हिडिओ आणि तिथल्या जमिनीचे चढउतार संगणकाला दिले, की तो हवेच्या प्रवाहाची समीकरणं उलटी सोडवत जायचा आणि त्या क्षणाचा वारा पुन्हा उभा करायचा, अगदी मीटरामीटराचा. सुरुवातीला पवनचक्क्यांच्या तंट्यांसाठी हे काम झालं. मग कोर्टांना त्याची गोडी लागली. कारखान्यातला वायू वस्तीवर कसा गेला, वणवा कुणाच्या शेकोटीतून पेटला, पूल पडला तेव्हा खरंच वादळ होतं का, सगळं उकरून निघायला लागलं. 'वाऱ्यामुळे झालं' हे वाक्य वकिलांनी वापरायचं सोडून दिलं.

भास्करने मुलीला एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मागायलाही त्याने तिच्या पद्धतीला न्यायालयाची मान्यता मिळेपर्यंत वाट पाहिली.

"कुंभेरी काढ," तो म्हणाला. "आणि माझ्या विरुद्ध आलं तर तोंडावर सांग. मी पोलीस आहे."

व्हिडिओ मिळवणं हेच मोठं काम होतं. बंद पडलेल्या एका वृत्तवाहिनीच्या भंगारातून ड्रोनचं चित्रण मिळालं. धरणाच्या रस्त्यावर त्या दिवशी जमलेल्या लोकांपैकी तिघांच्या जुन्या मोबाइलमध्ये काही तुकडे होते. ईश्वरीने ते स्वतः गावात जाऊन उतरवून घेतले. लोकांनी नंतर ते मोबाइल मोडीत काढले. आता त्या दुपारचा वारा फक्त तिच्याकडे होता.

संगणकाने उत्तर दिलं तेव्हा प्रयोगशाळेत ती एकटीच होती.

धरणाच्या भिंतीवर वारा खरंच डावीकडून तीनचा होता. भास्करने बघितलेली धूळ खोटी नव्हती. दरीच्या मध्यावर तो दोनवर आला होता. आणि डोंगरसोंडेच्या आडोशाला, बंदुकीपासून पहिल्या दोनशे मीटरमध्ये, वारा जवळजवळ नव्हताच; होता तो उलट्या बाजूने, सोंडेला वळसा घालून माघारी येणारा. सगळं मिळून गोळीला एकचाच वारा लागला होता. तीन समजून धरलेली गोळी दीड हात डावीकडे जायला हवी होती, आणि ती बरोबर तेवढीच गेली होती.

ईश्वरीने गणित तीन वेगवेगळ्या प्रकारे तपासलं. सुदामकाकांनी सांगितलं तेवढंच धरलं होतं. त्यांच्या हातात बोटभराचीही चूक नव्हती. आकडा चुकला होता.

*

भास्कर दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत आला. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. ईश्वरीने रात्रभर वाक्य जुळवलं होतं: बाबा, तुमची नजर चुकली नाही, जागा चुकली.

तो तिच्यासमोर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग एक हात दुसऱ्यावर दाबून धरला. आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तुमचं बरोबर होतं," ईश्वरी म्हणाली.

आपण हे बोललो हे तिला ऐकल्यावर कळलं. बाबा रडतील, निदान आपला हात हातात घेतील, असं तिला वाटलं. भास्करने नुसती मान हलवली, जसं कुणी वेळेवर आलेल्या गाडीकडे बघून हलवतो.

"कागदावर दे," तो म्हणाला. "संस्थेच्या शिक्क्याचं."

"बाबा, आता कशाला? तुम्हाला कळलं ना?"

"मला तर तेव्हापासूनच कळलेलं आहे. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी पाहिजे."

फार काही करावं लागलं नाही. उतार किती खडबडीत, झुडपं किती उंच, याचा एक आकडा तिने बदलला. सोंडेचा आडोसा नाहीसा झाला आणि पहिल्या दोनशे मीटरमध्ये तीनचा वारा वाहायला लागला. आलेख इतका सुरेख आला की कुणालाही पटला असता. तिने त्याच्याखाली सही केली.

*

सुदाम निवृत्तीनंतर अकोल्याला राहत होता. घरामागच्या माळावर त्याने नेमबाजीचं छोटं मैदान केलं होतं आणि आसपासच्या मुलामुलींना तो शिकवायचा. भास्करने ईश्वरीला गाडी काढायला लावली. वाटेत तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि मधूनच हसत होता. इतक्या वर्षांत तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

ते पोचले तेव्हा सुदाम मैदानावर होता. केस पूर्ण पिकलेले, एका मुलीच्या कोपराखाली वाळूची पिशवी सरकवत होता. भास्करला पाहून तो उठला. हाताची वाळू झटकली. मग ईश्वरी दिसली.

"पोरी! केवढी झालीस! नलू, अगं बाहेर ये, बघ कोण आलंय!"

नलूकाकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. भास्करने कुणाला बोलू दिलं नाही. त्याने अहवाल पुढे केला.

"वाच. मोठ्याने वाच. तुझ्या विद्यार्थ्यांना पण ऐकू दे."

सुदामने मोठ्याने वाचला नाही. उभ्याउभ्याच, ओठ हलवत वाचला. आलेखावर बोट ठेवून पहिल्या दोनशे मीटरपाशी थांबला, परत मागे गेला, परत वाचला. मग त्याने अहवाल नाही, ईश्वरीचं तोंड बघितलं.

"हे तू काढलंस?"

"हो काका."

"यात चूक होऊ शकते?"

नलूकाकू मध्येच म्हणाल्या, "होणारच की! यंत्रच ते. हे कधी जास्त धरणार नाहीत. मी ओळखत नाही का यांना?"

"थांब गं. मी पोरीला विचारतोय." सुदामचा आवाज खाली गेला होता. "ईश्वरी, खरं सांग. मला राग येणार नाही. त्या दिवशी वारा तीन होता?"

बाबा बाजूला उभे होते. मुलं रायफली खाली ठेवून ऐकत होती.

"तीन होता काका."

सुदाम वाळूच्या पिशवीवर बसला. बराच वेळ तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. "मला तर आठवतंय मी बरोबर धरलं होतं," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. "स्वच्छ आठवतंय. म्हणजे आठवण पण खोटी असते." मग त्याने भास्करकडे बघून हात जोडले. "भास्कर, माझ्यामुळे तुझी नोकरी गेली. घर मोडलं. माफ कर मला."

"मला नको माफी," भास्कर म्हणाला. "शलाकाच्या पोराला जाऊन सांग. त्याला अजून वाटतंय की वाऱ्याने मारलं."

"जाईन," सुदाम म्हणाला.

परत येताना ईश्वरीने घाटात गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून ती ओकली. भास्करने पाण्याची बाटली पुढे केली. "घाटात होतं असं," तो म्हणाला.

*

शलाकाचा मुलगा अद्वैत तेव्हा पाच वर्षांचा होता. आजीआजोबांनी त्याला वाढवलं. तुझ्या आईला वाऱ्याने नेलं, असंच त्यांनी सांगितलं होतं, आणि लहानपणी वारा सुटला की तो घरभर फिरून खिडक्या लावून घ्यायचा. आता बावीस वर्षांचा होता. चिंचवडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ड्रोन दुरुस्त करायचं दुकान चालवत होता. शांत मुलगा, असं पुढे पोलिसांना सगळ्या शेजाऱ्यांनी सांगितलं.

सुदाम नलूकाकूंना न सांगता तिकडे गेला. काय झालं ते अद्वैतनेच जबाबात सांगितलं, काही न लपवता. म्हातारा आला, नाव सांगितलं, अहवाल टेबलावर ठेवला. म्हणाला, तुझ्या आईला माझ्या चुकीने गोळी लागली, तुला हे माहीत असायला पाहिजे. अद्वैतने त्याला पाणी दिलं. अहवाल वाचला. मग विचारलं, "इतकी वर्षं तुम्हाला झोप लागत होती?"

सुदामला खोटं बोलता येत नव्हतं. आपण निर्दोष आहोत असं समजूनच तो जगला होता. "हो," तो म्हणाला. "लागत होती."

अद्वैतने त्याची कॉलर धरून दाराबाहेर ओढलं. सुदामने प्रतिकार केला नाही. जिन्याच्या तोंडाशी अद्वैतने ढकललं. जिना अरुंद होता, दगडी पायऱ्यांचा. सुदाम वळणाच्या भिंतीवर आपटला.

*

ईश्वरी हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण सुदाम शुद्धीवर होता. मान आणि डोकं पट्ट्यांनी बांधलेलं, एक डोळा सुजून बंद. नलूकाकू ईश्वरीला बघून उठल्या. "बस गं जरा. मी तपासणीचे कागद खाली देऊन येते. सकाळपासून कुणीच नाहीये जवळ." भास्कर आला नव्हता.

सुदामने तिला ओळखलं. ओठ हलले. ती जवळ वाकली.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "नाहीतर मी तसाच गेलो असतो."

तेवढ्यावर ती मोडली. खुर्चीवरून खाली, पलंगाच्या कडेला गुडघे टेकून तिने सगळं सांगितलं. वारा एकचा होता. आडोसा होता. आकडा बाबांचा चुकला होता. अहवाल मी खोटा केला. तिचे शब्द एकमेकांत अडकत होते, पण सुदामला सगळं कळत होतं. उघडा डोळा तिच्यावर स्थिर होता.

"पहिले दोनशे?" त्याने विचारलं.

"पडलेला होता काका. थोडा उलटाच."

त्याने डोळा मिटला. ओठ पुन्हा हलायला लागले; तो हिशेब करत होता, पूर्वी रेंजवर करायचा तसा. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"मी म्हटलं होतं त्याला. 'भास्कर, माझ्या गालाला वारा लागत नाहीये.' तो म्हणाला, 'इथलं सोड. मी सांगतो ते धर.'" श्वास घ्यायला तो थांबला. "धरलं मी. तेवढंच धरलं."

"हो काका. बरोबर तेवढंच."

तिला वाटलं आता तो शिव्या देईल. त्या तिला हव्या होत्या. सुदामने बोटं हलवली, तिने ती हातात घेतली.

"नलूला सांग," तो म्हणाला. "ती एकटीच म्हणत होती. तिला सांग."

"सांगते."

"आत्ता सांग. माझ्यासमोर."

ईश्वरी दाराकडे बघत बसली. नलूकाकूंना यायला वेळ लागला. खाली रांग होती. त्या आल्या तेव्हा सुदामची शुद्ध हरपली होती आणि ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

ईश्वरीने तेव्हा सांगितलं नाही. अंत्यविधीला इतकी माणसं होती. दिवसकार्यात नलूकाकू भेटल्या नाहीत, पडून होत्या. मग अद्वैतचा वकील आला.

*

वकील तरुण होता आणि त्याला अद्वैतबद्दल कळकळ होती. "मॅडम, तुमचा अहवाल हाच त्या मुलाचा एकमेव आधार आहे," तो म्हणाला. "आईच्या मारेकऱ्याने समोर बसून मला झोप लागत होती म्हणून सांगितलं. कुठल्याही माणसाचा तोल जाईल. हा अहवाल कोर्टात टिकला तर शिक्षा निम्म्यावर येईल. नाही टिकला, तर त्याने एका निरपराध म्हाताऱ्याला मारलं असं होईल. तो मुलगा ते ऐकून जगेल असं मला वाटत नाही."

ईश्वरीने त्याला चहा दिला. खरं सांगितलं तर कुणाकुणाचं काय होईल, हे तिने मनात एकेक करून मांडून पाहिलं. अद्वैत. बाबा. संस्था आणि वातमागवर सुटलेले सगळे खटले. स्वतःला तिने शेवटी ठेवलं, पण तिला माहीत होतं की ती शेवटी नव्हती. दुसऱ्या बाजूला एक मेलेला माणूस होता आणि एक म्हातारी बाई.

सरकारी वकिलांनी मूळ व्हिडिओ मागवले. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून गणित तपासून घ्यायचं होतं. नलूकाकूंनीच तसा अर्ज केला होता. नवऱ्याच्या बाजूने उभी राहणारी ती एवढीच गोष्ट त्यांना सुचली होती.

नोटीस आली त्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, ईश्वरीने कुंभेरीचे व्हिडिओ पुसले. ड्रोनचं चित्रण पुसण्याआधी तिने ते एकदा पूर्ण पाहिलं. धरणाची भिंत, सज्जातली दोन माणसं, आणि कडेला, डोंगरसोंडेच्या पायथ्याशी, उन्हात पेटल्यासारखं पिवळं गवत. त्यातली एकही काडी हलत नव्हती. तिथे वारा नव्हता, हे ते गवत नुसत्या डोळ्यांनी बघूनसुद्धा कुणालाही कळलं असतं. मग तेही तिने पुसलं आणि साठवणीत बिघाड झाल्याची नोंद केली.

साक्षीच्या पिंजऱ्यात ती अर्धा तास उभी होती. वारा कसा उभा करतात ते तिने न्यायाधीशांना सोप्या भाषेत समजावून दिलं. न्यायाधीशांनी मध्ये दोनदा कौतुकाने मान हलवली. तपासायला व्हिडिओ उरले नव्हते; तिच्या शब्दावर अहवाल ग्राह्य धरला गेला. अद्वैतला अपेक्षेपेक्षाही कमी शिक्षा झाली. त्याला बाहेर नेताना त्याने ईश्वरीसमोर थांबून तिचे आभार मानले.

*

भास्कर बदलला. तळेगावच्या घराला त्याने रंग दिला. जुन्या सहकाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि पंगत बसल्यावर अहवाल हातोहात फिरवला. त्याला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. ईश्वरीच्या आईलाही त्याने नाशिकला फोन लावला. ती परत येणार नव्हती, पण तिला सांगायचं होतं. "तू म्हणाली होतीस ना चुकलं असेल? विचार तुझ्या लेकीला," असं म्हणून त्याने फोन ईश्वरीच्या हातात दिला. ईश्वरीने आईलाही तेच सांगितलं. पलीकडून आई म्हणाली, "मग मीच दुष्ट ठरले म्हणायचं," आणि फोन ठेवला.

निकालानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी नलूकाकू आल्या. हातात डबा होता. शेंगोळी होती त्यात. भास्करने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः समोर ताठ बसला.

"भाऊजी, यांचं राहून गेलं म्हणून मी आले," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर फार अन्याय झाला आमच्याकडून."

"जाऊ द्या वहिनी," भास्कर म्हणाला. "माझ्या मनात आता काही नाही."

त्यांनी उठून खरोखरच हात जोडले. भास्करने ते जोडू दिले.

रिक्षापर्यंत सोडायला ईश्वरी बाहेर आली. फाटकापाशी नलूकाकू थांबल्या. त्यांचा चेहरा वाळून लहान झाला होता.

"एक विचारू? त्या दिवशी मी खाली गेले होते तेव्हा तू होतीस ना जवळ. काही बोलले का ते?"

रस्त्यावर कुणी नव्हतं. बाबा घरात होते, रेडिओ लावलेला होता. एवढं वाक्य बोलायला याहून सोपी जागा मिळणार नव्हती.

"माफी मागितली त्यांनी," ईश्वरी म्हणाली. "सगळ्यांची. चुकलं म्हणाले."

नलूकाकूंनी मान डोलावली. जणू हेच ऐकायची त्यांनी तयारी करून ठेवली होती आणि तरीही थोडी आशा धरली होती.

"माझंच चुकलं गं मग," त्या म्हणाल्या. "मीच त्यांना रोज म्हणायची, तुम्ही बरोबर धरलं होतंत, मला माहीत आहे. बायकोच असं म्हणत राहिली तर माणूस कबूल तरी कसा करणार? मी म्हटलं नसतं, तर केव्हाच बोलून मोकळे झाले असते ते. त्या पोराला लहानपणीच कळलं असतं, त्याचा राग मुरला नसता. हो ना?"

त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या. वाऱ्याबद्दल कुणालाही काही विचारायचं असलं की लोक ईश्वरीकडे असेच बघत.

"हो काकू," ईश्वरी म्हणाली.

नलूकाकू रिक्षात बसल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चल बाबा."